बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग आणि दुरुस्ती: फियाट लिनिया आणि पुंटोच्या मालकांसाठी

आमची लिनिया २००९ ची आहे, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली, आणि ती आजही रोज चालते. लिनिया जानेवारी २००९ मध्ये आणि ग्रांदे पुंटो त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आली. २०१८-१९ च्या सुमारास दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले तेव्हा भारतात नवी फियाट मिळणे पूर्ण बंद झालेले होते. त्यानंतर ‘आता पार्ट कुठे मिळणार, विकून टाका’ हा सल्ला प्रत्येक मालकाला कोणी ना कोणी दिलाच. हा सल्ला घाईचा आहे. गाडीचा कोणता भाग इतर गाड्यांतही वापरला जातो, कोणता तिचा एकटीचा आहे आणि त्या भागाचा क्रमांक काय, एवढे मालकाच्या वहीत लिहिलेले असेल तर या गाड्या अजून बरीच वर्षे चालवता येतात. २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवलेल्या शेवरोले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केलेल्या फोर्डच्या मालकांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आपली गाडी नेमकी कोणती, हे आधी लिहून काढा

‘लिनिया डिझेल’ एवढ्या वर्णनावर सुटा भाग मागायला जाऊ नये. १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन या गाड्यांत दोन रूपांत आले: साधारण ७५ अश्वशक्तीचे, साध्या टर्बोचे, आणि ९० च्या आसपास अश्वशक्तीचे, व्हेरिएबल जिऑमेट्री (आतली पाती वेगाप्रमाणे वळणाऱ्या) टर्बोचे. पेट्रोलमध्ये १.२ आणि १.४ लिटरची ‘फायर’ या नावाची इंजिने होती आणि शिवाय टर्बो असलेले १.४ टी-जेट. यांचे टर्बो, सेन्सर, क्लच असे अनेक भाग एकमेकांना बसत नाहीत. म्हणून चासी क्रमांकाची सतराही अक्षरे, इंजिन क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, उत्सर्जन श्रेणी आणि रंगाचा कोड हे सर्व आरसी बुकावरून आणि गाडीवरच्या पट्ट्यांवरून एका कागदावर उतरवून घ्यावे आणि त्या पट्ट्यांचे फोटो मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. उत्पादनाचा महिना अनावश्यक वाटेल, परंतु मॉडेलमध्ये मधल्या काळात बदल होत गेले आणि पुष्कळदा तो महिना पाहूनच काउंटरवरचा माणूस दोन सारख्या दिसणाऱ्या भागांतून योग्य तो निवडतो.

भागाचा क्रमांक कसा मिळवावा

या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक वेळ जिथे द्यावा अशी ही पायरी आहे. भागाचे नाव गावागणिक बदलते. ज्याला एक मिस्त्री ‘आर्म’ म्हणतो त्याला दुसरा ‘कैची’ म्हणतो. क्रमांक मात्र पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत, दिल्लीत आणि इटलीतील तुरीनमध्ये एकच असतो.

क्रमांक तीन ठिकाणी सापडतो. पहिले ठिकाण म्हणजे तो भाग स्वतः. जुना भाग काढल्यावर तो मिस्त्रीकडे सोडून न येता घरी आणावा, रॉकेलने किंवा डिझेलने पुसावा आणि उजेडात तिरका धरून पाहावा. ओतीव अक्षरांत किंवा चिकटवलेल्या पट्टीवर बहुधा दोन क्रमांक दिसतात: एक फियाटचा आणि दुसरा तो भाग प्रत्यक्षात बनवणाऱ्या कंपनीचा. दुसरा क्रमांक अधिक मोलाचा आहे, कारण गाडीची कंपनी गेली तरी तो भाग बनवणारी कंपनी बहुधा टिकून असते. मल्टिजेटचे इंजेक्टर बॉशचे आहेत आणि त्यांच्यावरचा बॉशचा क्रमांक घेऊन कोणत्याही बॉश डिझेल सर्व्हिस केंद्रात जाता येते, तिथे फियाटचे नाव काढण्याचीही गरज पडत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे ‘ई-पर’ या नावाने ओळखला जाणारा फियाटचा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा कॅटलॉग. त्यात प्रत्येक जोडणीचे सुटे सुटे चित्र असते, बारीक क्लिपलाही क्रमांक असतो, आणि जुना क्रमांक रद्द होऊन नवा आला असल्यास तोही कळतो. काउंटरवर ‘हा माल बंद झाला’ असे उत्तर मिळाले तर ‘याला बदली क्रमांक आहे का’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, कारण अनेकदा फक्त जुना क्रमांक बंद झालेला असतो आणि माल नव्या क्रमांकाखाली चालू असतो. तिसरे ठिकाण म्हणजे आपली जुनी बिले. अधिकृत वर्कशॉपच्या बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक छापलेला असतो. आमच्या घरची २००९ पासूनची बिले मी एका रविवारी बसून वहीत उतरवली, तेव्हा चाळीसहून अधिक भागांचे क्रमांक एका बैठकीत हाती लागले. गाडी सुस्थितीत असतानाच हे काम करावे, कारण गाडी रस्त्यात बंद पडल्यावर कॅटलॉग उघडण्याइतकी शांतता कोणालाच नसते.

वाटून घेतलेले भाग आणि एकटीचे भाग

मल्टिजेट १.३ हे इंजिन भारतात अनेक कंपन्यांनी वापरले, ही मालकाच्या दृष्टीने मोठी दिलाशाची गोष्ट आहे. मारुतीने तेच इंजिन डीडीआयएस या नावाने स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये आणि त्याचे ९० अश्वशक्तीचे रूप एसएक्स-४, अर्टिगा आणि सियाझमध्ये वापरले. टाटांनी क्वाड्राजेट या नावाने ते इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट आणि बोल्टमध्ये बसवले. त्यामुळे इंजिनाच्या पोटातले भाग, म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन, ग्लो प्लग, ऑइल पंप, आज तालुक्याच्या गावीही मिळतात आणि हे इंजिन उघडून बसवलेले मिस्त्री महाराष्ट्रभर आहेत. १.२ आणि १.४ फायर इंजिनेही टाटांच्या व्हिस्टा आणि मांझामध्ये सफायर या नावाने होती.

येथे एक मोठी अडचण आहे. इंजिनाचा गाभा तोच असला तरी त्याच्याभोवती जे लटकते, म्हणजे माउंटिंग, रबरी होज, रेडिएटर, वायरिंगचे सॉकेट, हवेचे पाइप, ते प्रत्येक कंपनीने आपल्या बॉनेटखालच्या जागेप्रमाणे बनवून घेतले. काही वर्षांपूर्वी कूलंट गळू लागल्यामुळे मी नाना पेठेतून थर्मोस्टॅट आणायला गेलो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा थर्मोस्टॅट ‘हाच बसतो’ म्हणून पुढे केला. माझा काढलेला जुना भाग पिशवीत होता, तो मी काउंटरवर शेजारी ठेवला. बोल्टची भोके जुळत होती आणि सीलची खोबणही तीच दिसत होती, परंतु होज ज्यावर चढतो ते तोंड नव्या भागात थोडे वर वळलेले होते. तो बसवला असता तर होजला पीळ पडला असता, कदाचित पुढच्या घाटात तो निसटला असता, आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून वाकले असते. तेव्हापासून जुना भाग सोबत नेल्याशिवाय मी पेठेत पाऊल टाकत नाही. ते जमत नसेल तर पट्टी शेजारी ठेवून चार बाजूंनी काढलेले फोटो तरी न्यावेत.

चाकांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. पुंटो-लिनियाच्या चाकाला चार बोल्ट असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ९८ मिलिमीटर असतो, तर स्विफ्टसह बऱ्याच गाड्यांचा तो १०० मिलिमीटर असतो. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या गाडीची अलॉय चाके दाबून बसवून देणारे दुकानदार भेटतात. अशा चाकाचा बोल्ट तिरका बसतो आणि सैल होत जातो. यात जिवाला धोका आहे, म्हणून कितीही स्वस्त मिळाली तरी ती चाके घेऊ नयेत.

आता एकटीचे भाग. हेडलाइट, मागचे दिवे, काचा, बंपर, मडगार्ड, दारांचे हँडल आणि कुलपे, डॅशबोर्डचे प्लास्टिक, मीटर, वायरिंग, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, कुलपे वगैरे सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि स्टिअरिंग रॅक हे दुसऱ्या कोणत्याही गाडीतून घेता येत नाहीत. लोक इंजिनाची चिंता करत बसतात, परंतु या गाड्या शेवटी उभ्या राहतात त्या फुटलेल्या दिव्यामुळे किंवा न मिळणाऱ्या काचेमुळे. चार पैसे साठवणीच्या मालात घालायचे असतील तर ते याच यादीत घालावेत.

भाग शोधण्याचा क्रम

सर्वांत आधी अधिकृत मार्ग तपासावा. फियाट क्रायस्लर जानेवारी २०२१ पासून स्टेलांटिस या समूहाचा भाग झाली आणि रांजणगावच्या त्याच कारखान्यात जीप गाड्या तयार होतात. त्यामुळे जीपच्या अधिकृत सेवा केंद्रात फियाटचा क्रमांक देऊन चौकशी करावी. ही चौकशी तोंडी करू नये. क्रमांक, नग आणि चासी क्रमांक लिहून ई-मेल पाठवावा आणि उपलब्धता, किंमत आणि अंदाजे कालावधी लेखी मागावा. आगाऊ रक्कम भरली तर पावतीवर भागाचा क्रमांक घालून घ्यावा. लेखी उत्तर विमा दाव्यात आणि तक्रारीत दोन्हीकडे उपयोगी पडते. पैसे घेऊन महिनोन्‌महिने माल दिला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून दाद मागता येते आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

अधिकृत मार्गाने भाग मिळाला नाही, तर मोठ्या शहरांतील सुट्या भागांच्या पेठांकडे वळावे. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, दिल्लीत नव्या मालासाठी कश्मीरी गेट आणि जुन्यासाठी मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडे सुस्थितीतल्या डिझेल गाड्याही भंगारात निघाल्या. मीटर, दार, काच यांसारखे भाग इकडे मिळेनासे झाले तर तिकडे विचारणा करणे म्हणूनच फायद्याचे ठरते. माल कुरिअरने मागवताना व्हिडिओ कॉलवर भाग फिरवून पाहावा, कोरलेला क्रमांक जवळून दाखवायला सांगावा आणि मगच पैसे पाठवावेत.

जुना भाग घेताना बिल घ्यायलाच हवे. इंजिन, गिअरबॉक्स किंवा क्रमांक असलेला कोणताही मोठा भाग कोणत्या गाडीतून निघाला हे विक्रेता सांगत नसेल, तर तिथून निघून यावे, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. संपूर्ण इंजिन बदलायचे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदीशी तफावत येऊ न देण्याची जबाबदारी मालकाची असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओची परवानगी आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे यांची माहिती करून घ्यावी.

परदेशातून भाग मागवण्याचा मार्ग शेवटी ठेवावा, परंतु तो खुला आहे. ग्रांदे पुंटो युरोपात २००५ पासून विकली गेली आणि लिनिया तुर्कस्तानातील बुर्सा येथे तयार होत असे. बहुतेक युरोपात वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तेव्हा स्टिअरिंग रॅक, वायपरची यंत्रणा आणि हेडलाइट तिकडून घेऊ नयेत. उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या हेडलाइटचा झोत आपल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. असे भाग ब्रिटनमधून मागवावेत, कारण पुंटो तिथे उजव्या स्टिअरिंगसह विकली जात होती. सीमाशुल्क आणि टपालखर्च मिळून किंमत बरीच वाढते, म्हणून हा मार्ग हलक्या आणि अगदी अडलेल्या भागांसाठीच परवडतो.

मिस्त्री कसा निवडावा

सस्पेन्शन, ब्रेक, क्लच ही कामे कोणताही अनुभवी मिस्त्री करू शकतो. अडचण येते ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये. पुंटो-लिनियामध्ये किल्ली, इंजिनाचा इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल यांची एकमेकांशी सांकेतिक ओळख जुळलेली असते. भंगारातून नुसता इसीयू आणून बसवला तर गाडी सुरू होत नाही, आणि अशा वेळी ‘हाही खराब निघाला’ म्हणून दुसरा, तिसरा आणला जातो. किल्लीसोबत मिळालेले, सांकेतिक क्रमांक छापलेले कोड कार्ड म्हणूनच जपून ठेवावे.

आमच्या गाडीचे मीटर बिघडले तेव्हा एका गॅरेजात जुने मीटर बसवले गेले. काटे चालू झाले, परंतु किलोमीटरचे आकडे सतत उघडझाप करू लागले. गॅरेजवाल्यांनी वायरिंग उघडले, फ्यूज बदलले, दोन दिवस गाडी तशीच ठेवली. वायरिंगमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. आकड्यांची ती उघडझाप म्हणजे मॉड्यूलांची नोंद जुळत नसल्याची फियाटची ठरलेली खूण असते, आणि त्यावर ती नोंद पुन्हा जुळवण्याची ‘प्रॉक्सी अलाइनमेंट’ ही प्रक्रिया स्कॅनरने करावी लागते. फियाटसाठी बनवलेले मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि योग्य केबल असलेल्या माणसाने ते काम चहा संपेपर्यंत केले. म्हणून नव्या मिस्त्रीला पहिलाच प्रश्न हा विचारावा: ‘प्रॉक्सी करता येते का?’ ज्याला हा शब्द माहीत आहे त्याने या गाड्यांवर खरोखर काम केलेले असते. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावर कोरलेला कोड इसीयूमध्ये भरावा लागतो, हेही त्याला विचारून पाहावे. मीटर बदलले असेल तर जुन्या आणि नव्या मीटरवरचे किलोमीटर तारखेसह बिलावर लिहून घ्यावेत, म्हणजे पुढे गाडी विकताना कोणाच्या मनात शंका राहत नाही.

चांगला मिस्त्री सापडला की त्याला माहिती पुरवत राहावी. कॅटलॉगमधील चित्राची छापील प्रत, बोल्ट आवळण्याचे माप, आपल्या वहीतले क्रमांक हे सर्व गाडीसोबत त्याच्या हाती द्यावे. क्वचित येणाऱ्या गाडीवर काम करताना त्याचा वेळ शोधण्यातच जातो आणि त्या वेळेची मजुरी मागितली तर ती घासाघीस न करता द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

नवा मिळत नसेल तर जुनाच उभा करावा

ही कला आपल्याकडे अजून जिवंत आहे. स्टिअरिंग रॅकमध्ये सील आणि बुश बदलून तो ओव्हरहॉल करता येतो. अल्टरनेटर आणि स्टार्टर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडून बेअरिंग, ब्रश आणि रेग्युलेटर बदलून पुन्हा वापरात येतात. लोअर आर्म अखंड असेल तर केवळ बुश प्रेसने बसवून काम भागते. बंपरचे प्लास्टिक वेल्डिंगने सांधता येते. पिवळी पडलेली हेडलाइट पॉलिश करून वर संरक्षक थर दिला तर ती पुन्हा झोत टाकू लागते. ब्रेकचे भाग आणि एअरबॅग यांच्या बाबतीत मात्र असा प्रयोग कधीही करू नये. भंगारातील एअरबॅग किती जुनी आहे आणि ती फुटेल की नाही, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही.

बिघाड होऊ नये यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्यात. मल्टिजेटला टायमिंग चेन आहे आणि ती ऑइलवर चालते. ऑइल बदलायला उशीर झाला की थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड ऐकू येऊ लागते, आणि त्या आवाजाकडे दुर्लक्ष केले तर खर्च इंजिनापर्यंत जातो. १.४ फायर पेट्रोलला टायमिंग बेल्ट आहे. गाडी कमी चालत असली तरी तो वर्षांच्या हिशेबाने बदलावा, कारण रबर उभ्या गाडीतही जुने होते.

काय साठवून ठेवावे

घरात गोदाम करण्याची गरज नसते. पुढचे दोन हेडलाइट, मागच्या दिव्यांची एक जोडी, दोन्ही बाजूंचे आरसे, दारांची हँडल आणि कुलपाची यंत्रणा, काच वर-खाली करणारे रेग्युलेटर आणि प्लास्टिकच्या क्लिपांचे एक पाकीट एवढे माळ्यावर असले तरी बरीच निश्चिंती होते. प्रत्येक खोक्यावर क्रमांक, बाजू आणि खरेदीची तारीख लिहावी. रबराचे बुश, बेल्ट आणि होज मात्र भरमसाट साठवू नयेत, ते पेटीतच कडक होतात.

विमा आणि नोंदणी

गाडी दहा वर्षांवर गेली की साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि प्लास्टिक व रबराच्या भागांवर तर वयाचा विचार न करता ५० टक्के. काचेवर घसारा नसतो, म्हणून पुढची काच फुटली तर दावा जरूर करावा. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. जुन्या गाडीचे विमा मूल्य आधीच कमी असते, त्यामुळे एखाद्या मध्यम अपघातातही ही वेळ येते. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी स्वस्त हप्त्यासाठी मूल्य आणखी खाली आणू नये, आणि सर्व्हेअर येईल तेव्हा भाग मिळत असल्याची लेखी माहिती त्याच्यापुढे ठेवावी.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. २००९ च्या गाड्यांवर ही वेळ २०२४ मध्येच आली. आरटीओच्या तपासणीला दिवे, काचा, हॉर्न, वायपर, ब्रेक आणि धूर हे सर्व पाहिले जाते. म्हणून मुदत संपण्याच्या सहा महिने आधी गाडी स्वतः तपासून न मिळणाऱ्या भागांची मागणी नोंदवावी. आमच्या वेळी मागचा डावा दिवा तडकलेला होता. क्रमांक वहीत होता, म्हणून एका पेठेत नाही तर दुसऱ्या पेठेत एवढेच विचारायचे होते, आणि पाचव्या दुकानात धूळ बसलेल्या खोक्यावर तोच क्रमांक सापडला.